रापणीची हद्द

कोकणच्या किनाऱ्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर जे लिहिले ते बहुतांशी समुद्राच्या पृष्ठभागावर घडलेल्या गोष्टींविषयी लिहिले: पोर्तुगीजांचे कार्ताझ आणि आंग्र्यांची दस्तके, म्हणजे जहाजांना घ्यावे लागणारे परवाने, १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी घातलेला सिंधुदुर्गाचा पाया, बंदरोबंदरीची जकात, गलबते, गुराबा आणि त्यांच्या लढाया. या साऱ्याची नोंद दफ्तरांत सापडते. परंतु त्या पृष्ठभागाखाली जे होते, म्हणजे मासळी, आणि ती कोणी, कोठे, केव्हा व किती धरावी याविषयी किनाऱ्यावरच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपसांत सांभाळलेली वहिवाट, तिची दखल घेण्याचे कारण कारकुनांना फारसे पडले नाही. कारण ती मोडली तर उद्भवणारा तंटा गावकीत किंवा जमातीतच मिटे आणि त्याचा निवाडा हुजुरापर्यंत क्वचितच जाई. या वहिवाटीचा मागोवा घेताना माझ्या मनात एक गोष्ट दृढ होत गेली आहे. या किनाऱ्यावर समुद्राचे जे काही रक्षण झाले ते हक्काच्या पोटी झाले. ज्यांचे पोट आणि ज्यांचा मान त्या पाण्याशी बांधलेला होता त्यांनी ते पाणी राखले. आणि ज्या ज्या वेळी या हक्कदारांना न विचारता सरकारने समुद्रात पाऊल टाकले, मग ते उत्पादन वाढविण्यासाठी असो की निसर्ग वाचविण्यासाठी असो, त्या त्या वेळी हेतू उत्तम असूनही परिणाम उणा पडला.

या वहिवाटीतील सर्वांत जुनी आणि सर्वमान्य गोष्ट म्हणजे पावसाळ्यातील समुद्रबंदी. ज्येष्ठात नैर्ऋत्येचे वारे जोर धरू लागले की होड्या ओढून वाळूवर घेतल्या जात, त्या झावळ्यांनी शाकारल्या जात, जाळी उतरवून सुकवून ठेवली जात आणि सुके बोंबील, जवळा, खारवलेला बांगडा अशी आगोटीची बेगमी घराघरांत भरली जाई. पुढे सुमारे दोन-अडीच महिने खोल पाण्यात कोणी जात नसे. फार तर खाडीत छोटे जाळे टाकावे किंवा चढणीचे मासे धरावेत. श्रावणी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केल्यानंतरच नवा हंगाम उघडे. नारळी पौर्णिमेचा सोहळा महाराष्ट्राला परिचित आहे. पण याच बंदीच्या काळात गोव्याच्या बार्देश महालात ख्रिस्ती खारवी लोक २९ जूनला सां पेद्रूचे, म्हणजे स्वतः मच्छीमार असलेल्या प्रेषिताचे फेस्त साजरे करतात आणि होड्या एकमेकींना जोडून त्यांवर मंच उभारून सांगोड काढतात, हे तितकेसे ठाऊक नसते. रत्नागिरीकडील दालदी मुसलमान, मालवणकडील गाबीत, मुंबई-वसईकडील हिंदू आणि ख्रिस्ती कोळी, गोव्याचे खारवी, या सर्वांचे देव वेगळे, भाषेचे वळण वेगळे. पावसाळ्यात जाळे उतरवावे याविषयी मात्र त्यांच्यांत मतभेद नव्हता.

या बंदीमागे केवळ पूर्वजांचे ज्ञान होते असे सांगण्याचा मोह आज अनेकांना होतो. मला तो मोह टाळावासा वाटतो. आषाढातला दर्या लाकडी होडीला जिवंत परत येऊ देत नाही, हे बंदीचे पहिले आणि पुरेसे कारण होते. परंतु याच महिन्यांत पश्चिम किनाऱ्यालगत, विशेषतः दक्षिणेकडील भागात, खोल थरांतील थंड व पोषकद्रव्यांनी संपन्न असे पाणी वर येते, नद्यांचा गाळ समुद्राला मिळतो, प्लवकांची वाढ होते आणि मासळीच्या अनेक जाती या सुमारास अंडी घालतात. भयाने पाळलेला नियम अशा रीतीने प्रजननकाळाशी जुळला, आणि श्रावणानंतर समुद्र भरलेला सापडतो हा अनुभव शेकडो वर्षे येत राहिल्यामुळे त्या भयाचे रूपांतर श्रद्धेत आणि श्रद्धेचे रूपांतर शिस्तीत झाले. उगम कशातही असो, ती शिस्त खरी होती. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी लोटणाऱ्याला सारा गाव नावे ठेवी, आणि लहान वस्तीत गावाच्या शब्दाचे वजन सरकारी दंडाहून हलके नसते.

दुसरी गोष्ट हद्दीची. उत्तरेकडे, मुंबईपासून पालघरपर्यंत, बोंबील, कोळंबी आणि जवळा यांसाठी डोल जाळे लावतात. ओहोटी-भरतीच्या ओघात खुंट रोवून त्यांना पिशवीसारखे जाळे बांधावयाचे, ही त्याची रीत. खुंट ज्या जागी रोवले त्या जागेस कव म्हणतात आणि कवीवर घराण्याची किंवा गावाची वहिवाट असते. समुद्रावर रेघ मारता येत नाही असे जमिनीवरचा माणूस समजतो. परंतु कोळ्याला आपली कव कोठे सुरू होते आणि शेजारच्या गावाची कोठे लागते हे किनाऱ्यावरील डोंगर, ताड आणि देवळाचे शिखर यांच्या खुणांवरून अचूक सांगता येई. कवीवरून तंटे होत, कधी हातघाईवरही येत, आणि आजही होतात. पण ज्या गोष्टीवरून तंटा होतो तिला धनी असतो, आणि धनी असलेल्या पाण्याची कोणीतरी काळजी वाहतो, हे विसरून चालणार नाही.

दक्षिणेकडे, रत्नागिरीच्या खालच्या अंगापासून मालवण, वेंगुर्ले, गोवा आणि कारवारपर्यंत, वालुकामय किनाऱ्यांवर राज्य होते ते रापणीचे. गोव्यात तिला रांपण म्हणतात आणि ती ओढणाऱ्यांना रांपणकार. रापण हे एका माणसाचे जाळे नव्हे, किंबहुना ते एका माणसाचे असूच शकत नाही. अनेक घरांनी आपापले तुकडे आणावेत, ते जोडून शेकडो हात लांबीचे एकच जाळे व्हावे, काथ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावरच्या मंडळींच्या हाती देऊन होडीने समुद्रात जावे, जाळे सोडीत सोडीत मोठे अर्धवर्तुळ घेऊन दुसरे टोक पुन्हा वाळूवर आणावे, आणि मग दोन्ही टोकांना तीस-चाळीस माणसांनी लागून, एका लयीत पाय रोवून, हळूहळू जवळ सरकत तो अजस्र घेर किनाऱ्याकडे ओढावा, असा हा उद्योग असे. सुती किंवा तागाचे जाळे कुजू नये म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवावे लागे आणि रोज वाळूवर पसरून वाळवावे लागे. ते विणणे, दुरुस्त करणे, वाळवणे यांत घरातील बायका-मुलांचे हात गुंतलेले असत. मासळी आली की तिचे वाटे पडत: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. वाटेने जाणाऱ्याने दोराला हात लावला तर त्याच्याही पदरात चार बांगडे पडत. एकाच किनाऱ्यावर दोन रापणी असतील तर त्यांच्या पाळ्या ठरत, आणि ज्याची पाळी असेल त्याने जाळे टाकेपर्यंत दुसऱ्याने थांबावे, असा दंडक असे.

रापणीचा हंगाम म्हणजे पावसाळा सरल्यानंतरचे महिने, जेव्हा बांगडा आणि तारली यांचे थवे किनाऱ्याला लागतात. पाण्याच्या रंगावर, पाखरांच्या घिरट्यांवर आणि पृष्ठभागावरच्या थरारावर नजर ठेवणारा जाणता माणूस थवा ओळखी आणि हाळी देई. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की रापणीला मासळीच्या मागे जाता येत नाही. मासळी आली तरच तिचा उपयोग. दोर जेथवर पोहोचेल तेथवर तिचा अंमल, त्यापलीकडचा अफाट समुद्र आपोआप अभय मिळालेला. शिवाय जो थवा आज घेरातून निसटला तो उद्या शेजारच्या गावाच्या किनाऱ्याला लागे, आणि त्याबद्दल कोणी हळहळत नसे. माणसाच्या बाहुबलाने आखलेली ही हद्द कोणत्याही कायद्याने लिहिलेली नव्हती, पण तिच्याइतकी काटेकोर पाळली गेलेली हद्द या किनाऱ्याच्या इतिहासात दुसरी नाही.

हा सुवर्णकाळ होता असे मात्र कोणी समजू नये. जाळ्यासाठी आणि होडीसाठी काढलेले कर्ज सावकार मासळीच्या रूपाने वर्षानुवर्षे वसूल करी. रापणीचा मोठा वाटा बहुधा जाळ्याच्या धन्यांकडे जाई आणि दोर ओढणारा अर्धपोटी राही. डोलीच्या बारीक आसात पिलेही सापडत. समुद्रकासवांची अंडी किनाऱ्यावरच्या अनेक गावांत सर्रास उकरून खाल्ली व विकली जात, जरी जाळ्यात सापडलेल्या कासवाला हळदकुंकू लावून परत सोडणारेही याच गावांत असत. या समाजाची नीती परिपूर्ण नव्हती. तिची थोरवी इतकीच की समुद्रातून काढण्याचे आणि समुद्राला सोडण्याचे प्रमाण तिच्या हातून फार बिघडले नाही, आणि बिघडलेच तर त्याचा पहिला फटका बिघडविणाऱ्यालाच बसे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. ऑक्टोबर १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रे, नॉर्वे आणि भारत यांच्यांत करार होऊन पुढच्या वर्षी केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. गरीब मच्छीमाराचे जीवनमान उंचवावे, त्याला यांत्रिक होडी, बर्फ, आरोग्यसेवा मिळावी, हा त्याचा उद्देश. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु लवकरच कोळंबीला परदेशात मिळणाऱ्या भावाने साऱ्या योजनेचे तोंड फिरविले. कोळंबी राहते तळाशी, उथळ पाण्यात, किनाऱ्यालगत. आणि तिला धरण्याचे साधन म्हणजे ट्रॉल, समुद्राच्या तळावरून ओढत नेले जाणारे जाळे. सरकारी कर्जे आणि अनुदाने यांच्या आधारे ट्रॉलर वाढले, पण त्यांचे मालक बहुतेक ठिकाणी ज्यांनी कधी जाळ्याला हात लावला नव्हता असे व्यापारी आणि भांडवलदार होते. पंचवार्षिक योजनांच्या अहवालांत मत्स्योत्पादनाचे आकडे चढत गेले. ते उत्पादन कोणाच्या हातून निघून कोणाच्या हाती गेले, याचा रकाना त्या अहवालांत नव्हता.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि पोर्तुगीज अंमलात मागे पडलेल्या या मुलखाला झपाट्याने पुढे नेण्याच्या उत्साहात तेथेही ट्रॉलर आले. रांपण ज्या पाण्यात पडे नेमक्या त्याच पाण्यात ट्रॉलर फिरू लागले, कारण कोळंबीही तेथेच होती. जाळी फाटू लागली, थवे किनाऱ्याला लागण्यापूर्वीच विखरू लागले, आणि तळ खरवडला गेल्याने अंडी आणि पिले यांचा नाश होऊ लागला. याच सुमारास, १९७० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत, सांकवाळच्या पठारावरील नव्या खतकारखान्याचे सांडपाणी वेळसावच्या किनाऱ्यावर उतरून मेलेल्या मासळीचा खच पडला आणि विहिरींचे पाणीही नासले, तेव्हा त्या गावांतील लोक रस्त्यावर उतरले. कासावलीचे शिक्षक मातान्ही साल्ढाणा यांचे नाव प्रथम या लढ्याने पुढे आले. आणि किनाऱ्यावरच्या दोन दुःखांचे मूळ एकच आहे, म्हणजे समुद्राचे भवितव्य ठरविताना समुद्रावर जगणाऱ्याला कोणी विचारीत नाही, हे त्यांनी ओळखले.

१९७५ च्या सुमारास रांपणकारांची संघटना उभी राहिली: गोंयच्या रांपणकारांचो एकवोट. जे रांपणकार आजवर किनाऱ्याकिनाऱ्यावर आपापली पाळी सांभाळून राहिले होते, ज्यांचा शेजारच्या गावाशी संबंध बहुधा तंट्यापुरताच होता, ते सासष्टीपासून बार्देशापर्यंत एका झेंड्याखाली आले. शशिकलाताई काकोडकर यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात पणजीत मोर्चे निघाले, उपोषणे झाली, आणि मासे विकणाऱ्या बायकांनी पाट्या खाली ठेवून त्यांत भाग घेतला. कोठे कोठे राग अनावर होऊन ट्रॉलरांवर हल्लेही झाले. त्याचे समर्थन करण्याची गरज नाही, पण त्यामागची अगतिकता समजून घेतली पाहिजे. या आंदोलनाची मागणी नुकसानभरपाईची नव्हती आणि कर्जाचीही नव्हती. किनाऱ्यालगतचा समुद्राचा पट्टा पारंपरिक मच्छीमारासाठी राखून ठेवावा, ट्रॉलरने त्यात येऊ नये, आणि पावसाळ्यात यंत्रांनीही थांबावे, एवढीच ती मागणी होती. पूर्वी दोराच्या लांबीने जी हद्द ठरत असे तीच आता सरकारने कायद्याने आखून द्यावी, असे ते म्हणत होते. आजच्या भाषेत ज्याला सागरी संरक्षण म्हणतात त्याची ही मागणी होती, आणि ती विद्यापीठांतून किंवा राजधानीतून आलेली नव्हती. शिवलेल्या जाळ्यांवर बसणाऱ्या माणसांनी ती केली होती.

ही हाक गोव्यापुरती राहिली नाही. केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर अशाच चकमकी चालू होत्या. केंद्र सरकारने १९७६ साली मुजुमदार यांच्या अध्यक्षतेखाली मासेमारीच्या पट्ट्यांची विभागणी कशी करावी हे सुचविण्यासाठी समिती नेमली; आणि १९७८ साली ठिकठिकाणच्या मच्छीमार संघटना एकत्र येऊन जी देशव्यापी संघटना झाली आणि पुढे नॅशनल फिशवर्कर्स फोरम या नावाने प्रसिद्धीस आली, तिचे नेतृत्व प्रारंभी साल्ढाणांकडेच होते. घटनेप्रमाणे किनारी सागरातील मासेमारी हा राज्यांचा विषय असल्यामुळे केंद्राने नमुन्याचा मसुदा राज्यांकडे धाडला आणि केरळ, गोवा, महाराष्ट्र यांनी एकापाठोपाठ कायदे केले. महाराष्ट्र सागरी मासेमारी विनियमन अधिनियम १९८१ चा आहे. गोव्यात पाच किलोमीटरांचा पट्टा राखला गेला. महाराष्ट्रात खोलीच्या हिशेबाने कोठे पाच तर कोठे दहा वाव पाण्याच्या आत ट्रॉलरला मनाई झाली. किनाऱ्यावरची वहिवाट प्रथमच राजपत्रात उतरली.

परंतु राजपत्रात उतरलेली हद्द समुद्रावर उमटायला फार वेळ लागतो. तपासणीच्या नौका अपुऱ्या, अधिकारी मोजके, दंड किरकोळ, आणि मोठ्या बोटींचे मालक वजनदार. रात्रीच्या अंधारात पाच वाव कोठे संपतात हे पाहणार कोण? गुन्हा सिद्ध करण्यासाठी लागणारा पुरावा ज्याच्या डोळ्यांसमोर घडे तो रापणकर, पण त्याच्या साक्षीला कायद्यात स्थान नव्हते. आणि कायदा येण्यापूर्वीच जे व्हावयाचे ते काही ठिकाणी होऊनही गेले होते. कारवार आणि मंगळूरच्या किनाऱ्यांवर १९७५ नंतर पर्ससीन, म्हणजे थव्याला चहूंकडून घेरून तळाशी आवळून घेणारे प्रचंड यांत्रिक जाळे, आले. बांगडा-तारलीचे जे थवे किनाऱ्याला लागण्याची रापण वाट पाही ते किनाऱ्यापर्यंत पोहोचेनातच, आणि शतकानुशतके चाललेली तेथील रापण अवघ्या काही वर्षांत मोडली. केरळात मच्छीमारांच्या दीर्घ आंदोलनानंतर आणि समित्यांमागून समित्या झाल्यानंतर १९८८ साली पावसाळी ट्रॉलबंदी लागू झाली. १९८९ साली फोरमने पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही किनाऱ्यांवरून पदयात्रा काढून १ मे रोजी कन्याकुमारीत मेळावा भरविला; पाणी राखा म्हणजे जीव राखला जाईल, ही त्या यात्रेची घोषणा होती.

याच दशकात महाराष्ट्रात एक उलट दिशेचा प्रयोग झाला, आणि तो या विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्या आसपास खडक आहेत, पोवळ्यांच्या वसाहती आहेत, आणि त्या खडकांच्या आश्रयाने वाढणारी जीवसृष्टी इतकी विविध आहे की ती राखली जावी याविषयी दुमत होऊ नये. १३ एप्रिल १९८७ रोजी शासनाने तेथे सागरी अभयारण्य जाहीर केले: एकूण सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात सुमारे ३ चौरस किलोमीटरांचा गाभा. अधिसूचना वन्यजीव कायद्याखालची, म्हणजे मुळात जंगलासाठी घडविलेल्या कायद्याखालची. ज्या पाण्यात गाबितांची होडी रोज फिरते त्या पाण्यास एका सकाळी अभयारण्य म्हटले गेले, आणि आता आपण आपल्याच समुद्रात गुन्हेगार ठरणार की काय, अशी धास्ती मालवणात पसरली. विरोध झाला, तो दीर्घकाळ टिकला आणि कागदावरचे अभयारण्य बराच काळ कागदावरच राहिले. ज्यांनी ट्रॉलरविरुद्ध जन्मभर झगडा दिला त्याच मच्छीमारांना निसर्गाचे वैरी ठरविण्यात आले, ही गोष्ट मला अतिशय दुःखाची वाटते. त्यांना प्रथम विश्वासात घेतले असते, गाभ्याची सीमा त्यांच्या जाणत्यांबरोबर बसून आखली असती, तर त्या खडकांना याहून चांगले पहारेकरी मिळाले नसते.

असे पहारेकरी मिळतात याचा पुरावा थोड्याच वर्षांत किनाऱ्यानेच दिला. गोव्यात मोरजीच्या वाळूवर गेल्या शतकाच्या अखेरीस गावकऱ्यांनी वनखात्याच्या जोडीने कासवांची घरटी राखण्यास सुरुवात केली. आणि २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने नाना फडणविसांचे गाव म्हणून इतिहासाला माहीत असलेल्या वेळासमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सुरक्षित कुंपणात ठेवून पिले समुद्रात सोडण्याचे काम आरंभिले. कासवीण रात्री येते, वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते, आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात. पूर्वी ज्यांना घरटे नेमके कोठे असते हे ठाऊक होते ते अंडी उकरणारेच होते. संस्थेने त्यांना दूर लोटले नाही. त्यांच्याच नजरेला कामाला लावले. पुढे पिले पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांची सोय गावातील घरांतच होऊ लागली आणि कासवाच्या जिवाशी गावाच्या चुलीचा संबंध जुळला. वेळासनंतर आंजर्ले, केळशी अशा अनेक गावांत ही रीत पसरली.

मालवणकडे मात्र झगडा अधिक तीव्र होत गेला. कर्नाटकातील मलपीचे वेगवान ट्रॉलर आणि स्थानिक व परजिल्ह्यांतील पर्ससीन यांनी सिंधुदुर्गाचा समुद्र उपसण्यास आरंभ केला, तेव्हा रापणकर आणि छोट्या होडीचे गाबीत पुन्हा रस्त्यावर आले, मोर्चे निघाले, समुद्रात आमनेसामने प्रसंग घडले. शासनाने डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिच्या शिफारशींनंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनची मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती मर्यादित केली व परवान्यांची संख्या उतरविण्याचे ठरविले. रात्री प्रखर दिवे लावून थवेच्या थवे खेचण्याच्या पद्धतीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. १९८१ च्या अधिनियमातील दंड इतके तुटपुंजे राहिले होते की मोठ्या बोटीचा मालक ते हसत भरी. २०२१ च्या दुरुस्तीने ते लाखांच्या घरात नेले. यांपैकी एकही गोष्ट खात्याने आपण होऊन केली नाही. प्रत्येकीच्या मागे किनाऱ्यावरच्या लोकांचे अर्ज, धरणे, मोर्चे आणि खटले आहेत.

सरकारही काही शिकले, हे येथे नमूद करणे न्याय्य होईल. डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात सापडलेले कासव, देवमासा किंवा अन्य संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमारास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. ज्याचे जाळे फाटते त्याच्या बाजूने विचार करणारी ही महाराष्ट्रातील पहिली योजना. सिंधुदुर्गात ट्रॉल जाळ्याच्या शेपटाला चौकोनी आसाचे विणकाम देऊन पिले निसटू देण्याचा प्रयोग मच्छीमारांबरोबर बसून झाला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने कांदळवनातून पाहुण्यांना होडीने फिरविण्याचा व्यवसाय उभारला, आणि त्या बायका आज तिवरांच्या जाती, खेकड्यांची बिळे आणि पाखरांची नावे अभ्यासकाच्या सफाईने सांगतात. २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला, तोही पालघरकडील, विशेषतः सातपाटीकडील मच्छीमार पिले मारली जाण्याबद्दल वर्षानुवर्षे गाऱ्हाणी घालीत आल्यानंतर.

राहता राहिला पावसाळी बंदीचा प्रश्न, जेथून या वहिवाटीचा आरंभ झाला. महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीची बंदी पूर्वी १० जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर असे. म्हणजे सरकारी आदेशातही चंद्राच्या तिथीला मान होता. पुढे साऱ्या पश्चिम किनाऱ्यासाठी एकच मुदत असावी या हेतूने ती १ जून ते ३१ जुलै, अशी ६१ दिवसांची करण्यात आली. दिवसांची बेरीज बहुतेक वर्षी थोडी कमी भरली आणि शेवटही अलीकडे आला. श्रावणी पौर्णिमा कधीही जुलैत संपणाऱ्या मुदतीत बसत नाही: २०२० साली ती ३ ऑगस्टला आली, २०२३ साली अधिक मासामुळे ३० ऑगस्टला. १ ऑगस्टला यांत्रिक बोटी सुटतात तेव्हा दर्या अजून खवळलेला असतो, पापलेटची आणि इतर मासळीची पिले लहान असतात, आणि बिगरयांत्रिक होड्यांना ही बंदी मुळी लागूच नसताना अनेक गावांतील होडीवाले आपल्या रीतीप्रमाणे नारळ पडेपर्यंत किनाऱ्यावर बसून ती मासळी दुसऱ्याच्या जाळ्यात जाताना पाहतात. म्हणून गेली काही वर्षे महाराष्ट्रातील मच्छीमार संघटना शासनाकडे मागणी करीत आहेत की बंदीची मुदत वाढवावी, ती पूर्वीप्रमाणे १५ ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत न्यावी, आणि सर्वांना सारखी लागू करावी.